घरच्या वर्कशॉपमध्ये भुसा ओढणारा पाइप किती इंची घ्यावा?



मंडळाच्या गणपतीच्या मखराचे काम गेली काही वर्षे आमच्या टेनामेंटच्या गॅरेजमध्ये होते. पहिल्या वर्षी एमडीएफच्या सहा शीट कापल्या. मखर छान झाले, पण आम्ही चौघे पुढे दोन दिवस खोकत होतो आणि आतल्या खोलीतल्या देव्हाऱ्यापर्यंत पिवळसर धुळीचा थर बसला होता. विशेष म्हणजे भुसा ओढणारे मशीन, म्हणजे डस्ट कलेक्टर, पूर्ण वेळ चालू होता. मशीन चांगले होते, त्याला जोडलेला पाइप चुकीचा होता. पुढच्या वर्षी पाइप बदलला आणि पुन्हा चुकलो, या वेळी उलट्या दिशेने.

निवृत्तीनंतर सुतारकामाचा छंद लागलेले सभासद आपल्यात आता बरेच आहेत. त्यांतल्या दोघा-तिघांनी "पाइप किती इंची घेऊ?" असे विचारले, म्हणून हा लेख. मी बी.कॉम. झालेला, नोकरी बँकेत केलेला माणूस. त्यामुळे यात इंजिनिअरिंगपेक्षा हिशेब जास्त आहे. पण हा प्रश्न मुळात हिशेबाचाच आहे असे मला अनुभवाने वाटते.

आधी धुळीविषयी

लाकूड कापताना दोन प्रकारचा माल निघतो. ढलप्या आणि जाड भुसा डोळ्यांना दिसतो, खाली पडतो आणि झाडूने गोळा होतो. दुसरी असते बारीक धूळ. तिचे कण इतके लहान असतात की ते दिसत नाहीत आणि काम थांबल्यावरही तासन् तास हवेत तरंगत राहतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुप्फुसात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. नाकातील आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांतील कर्करोगाशी तिचा संबंध दिसून आला आहे. एमडीएफ आणि प्लायमध्ये चिकटवण्यासाठी बहुधा फॉर्मल्डिहाइडयुक्त रेझिन असते, ते वेगळेच.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. छंद म्हणून आठवड्यात चार तास काम करणारा आणि कारखान्यात आयुष्य काढणारा कारागीर यांच्यात फरक आहे. पण आपले वय साठीच्या पुढे, गॅरेज घराला लागून, आणि सुट्टीत नातवंडे त्याच गॅरेजमध्ये येऊन उभी राहतात. म्हणून खर्च करायचाच तर तो नीट कामाला यावा.

हवा आणि वेग, दोन्ही लागतात

डस्ट कलेक्टर भुसा ओढत नाही, तो हवा ओढतो. भुसा त्या हवेबरोबर वाहत येतो. म्हणून दोन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, दर मिनिटाला किती घनफूट हवा ओढली जाते. याला सगळे सीएफएम म्हणतात. टेबल सॉ, बँड सॉ, १२-१३ इंची थिकनेसर अशा घरगुती मशीनवर दिसणारा भुसा उचलायला साधारण ३५० ते ५०० सीएफएम लागतात. बारीक धूळही तिथल्या तिथे पकडायची असेल तर याच्या जवळजवळ दुप्पट हवा हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे पाइपमधल्या हवेचा वेग. हवा संथ झाली की ढलप्या पाइपच्या तळाशी बसू लागतात. लाकडाच्या भुशासाठी मिनिटाला ४,००० फूट, म्हणजे सेकंदाला साधारण २० मीटर, हा वेग योग्य धरतात. घरच्या कामात तो ३,५०० फुटांच्या खाली जाऊ देऊ नये.

हवा, वेग आणि पाइपचे तोंड यांचे नाते साधे आहे. पाइपच्या आतल्या तोंडाचे क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे हवा. तीच हवा अरुंद पाइपमधून न्यायची तर ती जोरात पळाली पाहिजे, रुंद पाइपमधून नेली तर ती रेंगाळते. पाइपचा व्यास निवडण्याचा सगळा खेळ या एका ओळीत आहे.

२२ आणि १९ : लक्षात ठेवायचे दोन आकडे

क्षेत्रफळ काढणे, चौरस इंचांचे चौरस फूट करणे हे दर वेळी कोण करत बसणार? मी त्याचा एक आडाखा करून भिंतीवर लिहून ठेवला आहे.

पाइपचा आतला व्यास इंचात घ्या आणि त्याचा वर्ग करा. त्याला २२ने गुणले की ४,००० फूट वेगाला किती सीएफएम हवा लागेल ते मिळते. १९ने गुणले की ३,५०० फूट वेगाचा, म्हणजे कमीत कमी चालणारा, आकडा मिळतो.

- ३ इंची पाइप : १७१ ते १९८ सीएफएम
- ४ इंची पाइप : ३०४ ते ३५२ सीएफएम
- ५ इंची पाइप : ४७५ ते ५५० सीएफएम
- ६ इंची पाइप : ६८४ ते ७९२ सीएफएम
- ८ इंची पाइप : १,२१६ ते १,४०८ सीएफएम

आपले मशीन प्रत्यक्षात जितकी हवा ओढते तो आकडा ज्या ओळीत बसेल तो आपला मुख्य पाइप. आकडा ओळीतल्या पहिल्या संख्येपेक्षा कमी असेल तर पाइप रुंद पडणार आणि भुसा साचणार. दुसऱ्या संख्येपेक्षा बराच जास्त असेल तर पाइप अरुंद पडणार आणि मशीनचा दम कोंडणार. आकडा दोन ओळींच्या मध्ये पडला तर लहान व्यास घ्यावा. थोडी हवा कमी मिळेल, पण लाइन तुंबणार नाही.

माझी पहिली चूक : अरुंद पाइप

माझा कलेक्टर दीड एचपीचा. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्यासाठी आणलेले ७५ मिमीचे पाइप उरले होते. घरात पाइप पडून असताना नवे कशाला आणायचे, हा बँकेतल्या माणसाचा विचार. आतून तो पाइप जेमतेम पावणेतीन इंच. वीसेक फूट लांबी, चार बेंड. नंतर मोजले तेव्हा हवा १९० सीएफएमच्या आसपास भरली. थिकनेसरला याच्या दुपटीहून जास्त हवा लागते. तेव्हा ढलप्या खाली पडत होत्या आणि धूळ घरभर फिरत होती, यात नवल नव्हते.

असे का होते? पाइपच्या भिंतीशी हवा घासते आणि त्यात मशीनचा दाब खर्ची पडतो. तितकीच हवा तितक्याच लांबीच्या पाइपमधून न्यायची असेल तर हा खर्च व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो. म्हणजे ६ इंची पाइपमध्ये जितका दाब खर्च होतो, त्याच्या साधारण साडेसातपट ४ इंची पाइपमध्ये होतो. ५ इंची ऐवजी ४ इंची घेतला तरी खर्च तिप्पट. एका इंचाच्या काटकसरीला एवढे व्याज कोणतीही बँक लावत नाही.

घरगुती कलेक्टरचा दाब तसाही थोडा असतो. पाण्याच्या उंचीत मोजला तर बहुधा ८ ते १२ इंच. ही आपल्या खात्यातली शिल्लक समजा. पाइपची लांबी, बेंड, फिल्टरची पिशवी, मशीनचे तोंड असे सगळे त्यातून पैसे काढतात. ४ इंची सरळ पाइपमध्ये ४,००० फूट वेगाला दर दहा फुटांमागे अर्धा इंच किंवा थोडे जास्त जातात. एक ९० अंशाचा बेंड म्हणजे सहा ते नऊ फूट जास्तीचा सरळ पाइप. वळ्या असलेली लवचीक नळी तर तेवढ्याच लांबीच्या गुळगुळीत पाइपच्या दुप्पट-तिप्पट खाते. म्हणून ती मशीनपाशी हवी तेवढीच, तीन-चार फूट, ठेवावी.

माझी दुसरी चूक : रुंद पाइप

दुसऱ्या वर्षी ठरवले, आता कंजुषी नाही. सरळ १६० मिमीचा ड्रेनेजचा पाइप आणला. आतून तो साधारण सहा इंच. हवा लगेच ५०० सीएफएमपर्यंत गेली. वाटले, जमले.

महिनाभरात लाइनमधून मधूनच खडखड आवाज येऊ लागला. एकदा थिकनेसर चालू असताना ढलप्यांचा मोठा गोळा एकदम सुटून ब्लोअरच्या पंख्यावर आदळला. पाइप उघडून पाहिला तर आडव्या भागात तळाशी तीन बोटे जाड थर, आणि उभा पाइप जिथे वर चढतो तिथल्या कोपऱ्यात ढीग.

वरचा तक्ता तेव्हा माहीत असता तर हे कळले असते. ६ इंची पाइपला कमीत कमी ६८४ सीएफएम हवेत, माझ्याकडे होते ५००. वेग निघाला सुमारे २,५५० फूट. धूळ वाहून गेली, ढलप्या मागे राहिल्या.

शेवटी ५ इंची पाइप बसवला. हवा ४८० सीएफएम, वेग साधारण ३,५०० फूट. लाइन तेव्हापासून तुंबलेली नाही. "मोठा पाइप घेतला की प्रश्न सुटला" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मोठ्या पाइपला मोठे मशीनही लागते, एवढे त्यांना सांगावे.

मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नये

डब्यावर लिहिलेला सीएफएमचा आकडा बहुधा पाइप आणि पिशवी न लावता मोजलेला असतो. घरी सगळे जोडल्यावर बरेचदा त्याच्या निम्मी ते दोन-तृतीयांश हवा मिळते. पाइप निवडताना हाच कमी आकडा धरावा.

मुले अमेरिकेत असलेल्या सभासदांसाठी आणखी एक सूचना. तिथल्या कॅटलॉगमधले आकडे ६० हर्ट्झ विजेचे असतात. आपल्याकडे ५० हर्ट्झ. तिथे मिनिटाला ३,४५० फेरे फिरणारी मोटर इथे साधारण २,८५० फेरे फिरते. पंखा तोच असेल तर हवा सहातले पाच भाग राहते आणि दाब तर ६९ टक्क्यांवर येतो.

खरी हवा मोजायची असेल तर पंख्याचा छोटा ॲनिमोमीटर ऑनलाइन मिळतो. लाइनच्या शेवटी १६० मिमी पाइपचा मीटरभर सरळ तुकडा रिड्यूसरने जोडा. त्याच्या तोंडाशी मध्ये आणि चार बाजूंना असे पाच वेळा वेग मोजून सरासरी काढा. मिनिटाला फूट हा आकडा ०.१९६ने गुणला की सीएफएम मिळतात. ०.१९६ चौरस फूट हे ६ इंची तोंडाचे क्षेत्रफळ आहे. अचूक नसले तरी निर्णयाला पुरेसे आहे. आपल्यापैकी कोणाला हवा असल्यास माझा मीटर घेऊन जावा.

व्हॅक्युम क्लीनरची गोष्ट वेगळी

"माझ्या व्हॅक्युमची नळी तर दोनच इंचांची आहे, ती कशी चालते?" हा प्रश्न नेहमी येतो. वर्कशॉपचा व्हॅक्युम क्लीनर कलेक्टरच्या कितीतरी पट दाब देतो, पण हवा थोडी, शंभर-सव्वाशे सीएफएम. हातातला सँडर, राउटर, लहान मायटर सॉ यांना तो उत्तम, कारण त्यांची तोंडेही लहान असतात. कलेक्टरचे नेमके उलटे, हवा भरपूर आणि दाब कमी. कलेक्टरला व्हॅक्युमची नळी जोडणे आणि व्हॅक्युमला ४ इंची पाइप जोडणे, दोन्ही व्यर्थ. माझ्याकडे दोन्ही यंत्रे वेगवेगळी आहेत आणि हातातल्या अवजारांसाठी मी कलेक्टर वापरतच नाही.

बाजारात पाइप घेताना

आपल्याकडे पीव्हीसी पाइपचे माप बाहेरून असते. भिंतीची जाडी वजा केल्यावर ११० मिमीचा पाइप आतून साधारण ४ इंच आणि १६० मिमीचा ६ इंच भरतो. हे दोन्ही कोणत्याही सॅनिटरीच्या दुकानात मिळतात. अडचण ५ इंचांची. १४० मिमीचा पाइप शेतीचे पाइप विकणाऱ्यांकडे मिळतो, आतून तो सव्वापाच इंचांच्या आसपास असतो. तेवढ्या व्यासाला आडाख्याप्रमाणे कमीत कमी ५२० सीएफएम लागतात. माझ्या मशीनला ते जमत नव्हते, म्हणून मी एसीचे डक्ट बनवणाऱ्या पत्रेवाल्याकडून जीआय पत्र्याचा गोल पाइप बरोबर ५ इंचांचा करून घेतला. पत्र्याला स्थिर विजेचा त्रासही कमी.

बसवताना काही गोष्टी पाळाव्यात.

९० अंशाच्या एका आखूड बेंडऐवजी ४५ अंशाचे दोन बेंड मध्ये थोडा सरळ पाइप घालून वापरावेत. फांदी काढताना टी नको, वाय घ्यावी, आणि ती हवेच्या दिशेला तिरपी असावी. आडव्या मुख्य पाइपला फांदी बाजूने किंवा वरून जोडावी. खालून जोडल्यास मुख्य पाइपमधला भुसा तिच्यात उतरतो.

पीव्हीसीचा सॉकेट मशीनच्या दिशेने तोंड करून बसवावा, म्हणजे भुसा साध्या टोकातून सॉकेटमध्ये जाईल. उलटा बसवला तर आत कड राहते आणि तिथे ढलप्या अडकतात. आमच्या प्लंबरने सवयीने ड्रेनेजसारखाच बसवला आणि या एका बाबतीत तो बरोबर होता.

सांधे सॉल्व्हंटने चिकटवू नयेत, पुढे बदल करावा लागतोच. टेप किंवा थोडे सिलिकॉन पुरते. स्क्रू लावायचे तर आखूड, आत टोक येणार नाही असे. कोपऱ्यांवर दार असलेला डोअर बेंड घेतला तर साफ करणे सोपे जाते. दार मात्र घट्ट बसले पाहिजे, फटीतून हवा चोरीला जाते.

फांद्या, झडपा आणि मशीनचे तोंड

एकटा माणूस एका वेळी एकच मशीन चालवतो. म्हणून प्रत्येक फांदीला झडप लावून चालू मशीनचीच उघडी ठेवावी. इथे एक सापळा आहे. मुख्य पाइप ६ इंची आणि उघडी फांदी ४ इंची असेल तर ४ इंची फांदीतून ३५० सीएफएमच्या आसपासच हवा येते. तेवढी हवा ६ इंची पाइपमध्ये मिनिटाला १,८०० फुटांहूनही कमी वेगाने जाते आणि भुसा मुख्य पाइपमध्येच बसतो. अशा वेळी दुसरी एक झडप उघडी ठेवावी, किंवा मुख्य पाइपाइतक्याच व्यासाची फांदी मशीनपर्यंत न्यावी. मी दुसरा मार्ग धरला. फांदीला खर्च थोडा वाढला, पण उपयोग झाला.

मशीनचे मूळ तोंडही पाहावे. पाइप ५ इंची आणि टेबल सॉचे तोंड अडीच इंची असेल तर सगळी हवा तिथेच अडते. शक्य असल्यास मागच्या पत्र्याला मोठे भोक पाडून ४ किंवा ५ इंची तोंड बसवावे. मशीनची हमी चालू असेल तर आधी विचारून घ्यावे.

पिशवी विसरू नका

पाइप अचूक असला आणि पिशवी साध्या कापडाची असली तर बारीक धूळ पाइपमधून येते, पिशवीतून बाहेर पडते आणि पुन्हा खोलीत फिरते. माझ्याकडे पहिल्या वर्षी हेही झाले होते. १ मायक्रॉनपर्यंत गाळणारी पिशवी किंवा कार्ट्रिज फिल्टर घ्यावा. तो वेळोवेळी झटकावा, पण झटकताना मास्क हवाच. काम संपल्यावर कलेक्टर आणखी दहा मिनिटे चालू ठेवून आपण बाहेर यावे.

लोखंड घासताना उडणाऱ्या ठिणग्या कधीही या लाइनमध्ये जाऊ देऊ नयेत. ठिणगी भुशाच्या पिशवीत तासभर धुमसत राहू शकते आणि आग रात्री लागते. जुने लाकूड कापण्यापूर्वी खिळे काढून घ्यावेत आणि पिशवी भरलेली सोडून गावाला जाऊ नये.

थोडक्यात

सगळ्यात जास्त हवा लागणारे मशीन कोणते ते ठरवा. आपला कलेक्टर खरोखर किती हवा देतो ते मोजा. व्यासाचा वर्ग गुणिले १९ आणि गुणिले २२ या दोन आकड्यांच्या मध्ये ती हवा बसते का ते पाहा. मगच बाजारात जा. हा हिशेब मी आधी केला असता तर दोन वेळा पाइप विकत घेऊन तिसऱ्यांदा पत्रेवाल्याकडे गेलो नसतो. ते १६० मिमीचे पाइप अजून गॅरेजमागे उभे आहेत. कोणाकडे दोन-अडीच एचपीचा कलेक्टर असेल तर जरूर घेऊन जावे.

सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनात, म्हणजे आताच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, शिकलेली मंडळी आपल्यात आहेत. माझ्या हिशेबात कुठे चूक दिसली तर त्यांनी जरूर दाखवावी, मी दुरुस्ती पाठवीन.

मागच्या गणपतीत मखराचे सगळे कटिंग एका शनिवारी संपले. संध्याकाळी सौ.ने देव्हाऱ्याच्या फळीवरून बोट फिरवून पाहिले आणि काही न बोलता चहा ठेवला. माझ्या मते तेच खरे मोजमाप.